अर्थसंकल्पातील आकडा आणि रेशनच्या पिशवीतील धान्य

फेब्रुवारी महिन्यात रब्बीच्या गव्हाच्या ओंबीत दाणा भरत असतो, आणि त्याच महिन्यात दिल्लीत केंद्राचा अर्थसंकल्प मांडला जातो. मार्चमध्ये मळणीची गडबड सुरू होते आणि मुंबईत राज्याचा अर्थसंकल्प सादर होतो. आपण त्या दिवशीच्या वर्तमानपत्रात खत, वीज, पीककर्ज आणि हमीभाव एवढे शब्द शोधतो व पेपर बाजूला ठेवतो. परंतु आपल्या घरावर आणि आपल्या मालावर परिणाम करणारा एक मोठा आकडा त्याच पानावर दुसऱ्या नावाखाली छापलेला असतो. त्याचे नाव अन्न अनुदान.

या आकड्याचा परिणाम कुठे दिसतो? एका टोकाला तो बाजार समितीच्या आवारात किंवा भात खरेदी केंद्रावर दिसतो. दुसऱ्या टोकाला तो अंधेरी, बोरीवली, घाटकोपर, मुलुंड येथील रास्त भाव दुकानाच्या रांगेत दिसतो. या उपनगरांतील चाळींत आणि वस्त्यांत राहणारी बरीचशी माणसे आपल्यातूनच गेलेली आहेत. कोकण, सातारा, सांगली, खानदेश आणि मराठवाडा या भागांतील असंख्य घरांत एक भाऊ शेतीवर आणि एक भाऊ मुंबईत अशी वाटणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. म्हणजे धान्य विकणारा आणि रेशन घेणारा हे पुष्कळदा एकाच कुटुंबातले असतात. म्हणून पिकाच्या लागवडीइतक्याच काळजीने हा विषय समजून घेणे आवश्यक आहे.

साखळी कशी चालते?

सरकार हमीभावाने गहू व भात खरेदी करते. त्या भावावर बाजार शुल्क, हमाली, बारदान, भरडाई, वाहतूक, साठवण आणि कर्जावरील व्याज यांचा बोजा चढतो. हा सर्व खर्च मिळून जी किंमत होते तिला अन्न महामंडळाच्या भाषेत आर्थिक खर्च म्हणतात. उदाहरण घेऊ. २०२३-२४ च्या हंगामात गव्हाचा हमीभाव क्विंटलला २,१२५ रुपये, म्हणजे किलोला सव्वाएकवीस रुपये होता. त्याच वर्षी महामंडळाला तो गहू किलोमागे सुमारे २७ रुपयांना पडला. तांदळाचा खर्च किलोला सुमारे ३९ रुपये होता. एक क्विंटल भात भरडल्यावर सरकारी हिशेबाने ६७ किलो साधा तांदूळ मिळतो, हे ध्यानात घेतले की तांदूळ इतका महाग का पडतो ते कळते.

आता दुकानात ग्राहकाकडून जे पैसे घेतले जातात ते या खर्चापेक्षा कमी असतात. मधला फरक सरकार भरते. तोच फरक म्हणजे अन्न अनुदान. ही वजाबाकी साधी आहे, पण तिच्यातून एक महत्त्वाचा नियम निघतो. अनुदानाची तरतूद गरजेपेक्षा कमी ठेवली तर तूट भरून काढायला चारच वाटा उरतात :

१) ग्राहकाचा दर वाढवणे,
२) माणशी धान्य किंवा लाभार्थींची संख्या कमी करणे,
३) शेतकऱ्याकडून होणारी खरेदी कमी करणे किंवा हमीभाव रोखून धरणे,
४) महामंडळाला कर्ज काढायला लावून आजचे ओझे उद्यावर ढकलणे.

पहिल्या दोन वाटांचा फटका मुंबईतील भावाला बसतो, तिसरीचा शेतीवरील भावाला. चौथीचे व्याज दोघांना मिळून भरावे लागते. आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार? या चारही वाटा गेल्या पंचवीस-तीस वर्षांत प्रत्यक्ष वापरल्या गेल्या आहेत. त्यांचा क्रमाने विचार करू.

मुंबईतील रेशन : थोडा इतिहास

मुंबईत शिधावाटप १९४३ साली, दुसऱ्या महायुद्धाच्या टंचाईत सुरू झाले. पुढे ती शहराची सवयच झाली. राज्याच्या इतर भागांत रेशनचा कारभार जिल्हा पुरवठा अधिकारी आणि तहसीलदार पाहतात. मुंबई-ठाण्याच्या शिधावाटप क्षेत्रात मात्र त्यासाठी शिधावाटप नियंत्रकांची वेगळी यंत्रणा आहे. बोरीवलीला अन्न महामंडळाचे गोदाम आहे. पंजाब, हरियाणा, मध्य प्रदेश येथील गहू रेल्वेने येतो, गोदामात उतरतो आणि तेथून दुकानांकडे जातो. विदर्भातील गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर या जिल्ह्यांतील भात मार्केटिंग फेडरेशन आणि आदिवासी विकास महामंडळामार्फत खरेदी होतो व भरडाईनंतर तोही राज्याच्या रेशनमध्ये येतो.

१९७२ च्या दुष्काळात महागाई भडकली तेव्हा मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. गोरेगावच्या मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकारी लाटणी व थाळ्या घेऊन रस्त्यावर उतरल्या. स्वयंपाकघरातील प्रश्न हा सरकारी तिजोरीचाही प्रश्न आहे, हे त्या बायकांनी अर्थशास्त्राचे पुस्तक न उघडता ओळखले होते.

१९९७ पर्यंत रेशन सर्वांसाठी होते. त्या वर्षी केंद्राने लक्ष्यनिर्धारित पद्धत आणली. कुटुंबांची दारिद्र्यरेषेखालील आणि दारिद्र्यरेषेवरील अशी विभागणी झाली व दोघांचे दर वेगळे ठरले. महाराष्ट्रात १ मे १९९९ पासून पिवळी, केशरी आणि पांढरी अशा तीन रंगांच्या शिधापत्रिका आल्या. पिवळ्या पत्रिकेसाठी वार्षिक उत्पन्न १५,००० रुपयांपर्यंत, केशरीसाठी त्यापुढे एक लाखापर्यंत, आणि त्याहून अधिक असेल तर पांढरी. पंधरा हजार म्हणजे महिना १,२५० रुपये. घाटकोपरच्या किंवा कुर्ल्याच्या वस्तीत भाड्याने खोली घेऊन राहणाऱ्या रोजंदारी कामगाराचे पोट एवढ्यात भरणे अशक्य होते. त्यामुळे तो प्रत्यक्षात गरीब असला तरी कागदावर केशरी ठरला. रेषा जिथे आखली जाते तिथेच अर्धा अर्थसंकल्प ठरतो, तो असा.

२००० सालचा निर्णय

आता पहिल्या वाटेचे उदाहरण. २०००-०१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात अर्थमंत्री यशवंत सिन्हा यांनी निर्णय जाहीर केला की दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना महिना १० ऐवजी २० किलो धान्य आर्थिक खर्चाच्या निम्म्या दराने द्यावे, आणि रेषेवरील कुटुंबांना मात्र पूर्ण आर्थिक खर्चाच्या दराने द्यावे. ऐकायला हा निर्णय न्याय्य वाटतो. गरिबाला अधिक, बाकीच्यांना अनुदान नाही. परंतु त्याचा परिणाम काय झाला ते पाहा.

१ एप्रिल २००० पासून रेषेवरील कुटुंबांसाठी गव्हाचा केंद्रीय दर किलोला ९ रुपये आणि तांदळाचा ११ रुपये ८० पैसे झाला. हा दर खुल्या बाजाराला जाऊन भिडला. किराणा दुकानात त्याच पैशांत निवडलेला गहू मिळत असेल तर रेशनच्या रांगेत कोण उभे राहील? केशरी पत्रिकेवरची उचल झपाट्याने घसरली. उपनगरांत बहुसंख्य पत्रिका पिवळ्या नव्हत्या, त्यामुळे दुकानदाराचे गिऱ्हाईकच तुटले. दुकानदाराचे उत्पन्न विकलेल्या धान्यावरील कमिशनवर अवलंबून असते. धान्याची विक्री घटली की दुकान उघडे राहण्याचे तास घटतात, आणि मग ज्याच्याकडे पिवळी पत्रिका आहे त्यालाही दुकान बंद दिसते. चांगल्या हेतूने आखलेली रेषा अशी गरिबाच्याच आड आली.

दुसऱ्या टोकाला खरेदी चालूच होती. उचल नाही आणि आवक थांबत नाही, अशा वेळी कणगीचे जे होते तेच देशाच्या गोदामांचे झाले. १ जुलै २००२ रोजी सरकारी साठा सुमारे ६३० लाख टनांवर गेला. त्या तारखेला गरजेचा राखीव साठा २४३ लाख टनांचा होता. गोदामे ओसंडून वाहत असताना दुष्काळी भागात लोक उपाशी होते. याच विसंगतीवर बोट ठेवून २००१ साली लोकस्वातंत्र्य संघटनेने सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशाने शाळेत शिजवलेले मध्यान्ह भोजन देणे राज्यांना बंधनकारक झाले. आज गावातील आणि मुंबईतील शाळांत मुलांच्या ताटात खिचडी पडते तिचे एक मूळ या खटल्यात आहे.

आणखी एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. साठा कमी करण्यासाठी त्या काळात सरकारने निर्यातदारांना गहू दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांच्या दराच्या आसपास दिला. म्हणजे मुलुंडच्या केशरी पत्रिकाधारकाला जो दर नाकारला तो परदेशी जाणाऱ्या मालाला मिळाला. अनुदान वाचले नाही, फक्त त्याचा मालक बदलला. २००१ च्या जुलैत केंद्राने रेषेवरील दर कमी करून गहू ६ रुपये १० पैसे आणि तांदूळ ८ रुपये ३० पैसे केला. परंतु तुटलेले गिऱ्हाईक परत जोडणे हे मेलेल्या फांदीला पालवी आणण्याइतके अवघड असते.

अन्नसुरक्षा कायदा : हक्क आणि मर्यादा

२०१३ साली राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा झाला. महाराष्ट्रात त्याची अंमलबजावणी १ फेब्रुवारी २०१४ पासून सुरू झाली. प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक माणसाला महिना ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य देण्याचे ठरले. दर तांदळाला ३, गव्हाला २ आणि भरडधान्याला १ रुपया किलो. या कायद्याचे मोल मोठे आहे. आधी जे योजना म्हणून मिळत होते ते हक्क म्हणून मिळू लागले.

परंतु हक्कालाही कुंपण आहे. महाराष्ट्रासाठी ग्रामीण भागातील ७६.३२ टक्के आणि शहरी भागातील ४५.३४ टक्के लोकसंख्या अशी मर्यादा ठरली. एकूण सुमारे ७ कोटी लोक. ही संख्या २०११ च्या जनगणनेवर बेतलेली आहे. त्या जनगणनेत मुंबई उपनगर जिल्ह्याची, म्हणजे अंधेरी, बोरीवली आणि कुर्ला या तीन तालुक्यांची, लोकसंख्या सुमारे ९३ लाख ५७ हजार होती. त्यानंतर माणसे वाढली, कोटा मात्र तिथेच राहिला. नव्या नावाला जागा मिळायची तर जुने नाव निघावे लागते.

उत्पन्नाची अटही पाहावी. राज्याने २०१३ साली प्राधान्य कुटुंबासाठी शहरी भागात वार्षिक ५९,००० आणि ग्रामीण भागात ४४,००० रुपयांची मर्यादा ठरवली. ५९,००० म्हणजे महिना ४,९१७ रुपये. पुढे दशकभर मजुरी, खोलीभाडे आणि तेलाचे दर वाढत गेले, ही मर्यादा वाढली नाही. महागाई वाढत असताना रेषा न हलवणे हाही एक अर्थसंकल्पीय निर्णय आहे. त्याची घोषणा कोणी करत नाही, त्यामुळे त्याची बातमीही होत नाही.

"मोफत" शब्दाचा हिशेब

करोनाच्या काळात, एप्रिल २०२० पासून, केंद्राने प्रधानमंत्री गरीब कल्याण अन्न योजनेखाली प्रत्येक लाभार्थीला नेहमीच्या ५ किलोवर आणखी ५ किलो धान्य मोफत दिले. मधले काही महिने वगळता ही योजना डिसेंबर २०२२ पर्यंत चालली. टाळेबंदीत रोजगार गेलेल्या लाखो घरांची चूल तिच्यामुळे पेटती राहिली, हे निर्विवाद आहे.

१ जानेवारी २०२३ पासून कायद्यानुसार मिळणारे ५ किलो धान्य पूर्ण मोफत झाले. १ जानेवारी २०२४ पासून हा निर्णय पाच वर्षांसाठी वाढवण्यात आला. मात्र जादा मिळणारे ५ किलो बंद झाले. बातमीत "मोफत" हा शब्द ठळक होता. आता पाच माणसांच्या प्राधान्य कुटुंबाचा हिशेब मांडू. तांदूळ आणि गहू यांचे प्रमाण ३ : २ धरले आहे.

डिसेंबर २०२२ : विकतचे धान्य २५ किलो, मोफत धान्य २५ किलो, एकूण ५० किलो. खर्च १५ किलो तांदळाचे ४५ रुपये व १० किलो गव्हाचे २० रुपये, मिळून ६५ रुपये.

जानेवारी २०२३ : मोफत धान्य २५ किलो. खर्च शून्य.

बचत ६५ रुपये, धान्य २५ किलोंनी कमी. हे २५ किलो बाजारातून सरासरी ३० रुपये किलोने घ्यायचे ठरवले तर ७५० रुपये लागतील. बचत वजा जाता घराला महिना ६८५ रुपयांचा खड्डा पडतो. जादा धान्य हे संकटकाळापुरते होते, ते कायम राहील असे कोणी म्हटले नव्हते, हे खरे. तरीसुद्धा घर चालवणाऱ्या बाईच्या दृष्टीने जानेवारीत धान्य "मोफत" झाले नाही, ते निम्मे झाले.

अर्थसंकल्पाच्या कागदावर हाच बदल कसा उमटला तेही पाहा. अन्न अनुदानाचा २०२२-२३ चा सुधारित अंदाज सुमारे २ लाख ८७ हजार कोटी रुपये होता. २०२३-२४ ची तरतूद सुमारे १ लाख ९७ हजार कोटी रुपयांची झाली. हे नव्वद हजार कोटी कुठून कमी झाले त्याचे मोठे उत्तर या पिशवीतल्या २५ किलोंमध्ये आहे.

याच काळात तिसरी वाटही दिसली. मार्च २०२२ च्या उष्णतेने गव्हाचा दाणा बारीक राहिला आणि बाजारात भाव हमीभावाच्या वर गेले. परिणामी सरकारी खरेदी आदल्या वर्षीच्या ४३३ लाख टनांवरून सुमारे १८८ लाख टनांवर आली. १३ मे २०२२ रोजी गव्हाची निर्यात बंद झाली आणि काही राज्यांच्या वाट्यातील गहू कमी करून त्याऐवजी तांदूळ देण्यात आला. ज्या वर्षी गहू उत्पादकाला बाजारातून चार पैसे अधिक मिळण्याची संधी होती त्याच वर्षी निर्यातबंदी आली, आणि तिचे कारण गोदामातील तूट हे होते. खरेदी, साठा आणि रेशन या तिन्ही गोष्टी एकाच दोरीने बांधलेल्या आहेत.

चौदा जिल्ह्यांतील शेतकरी : धान्याऐवजी रोख

हा विषय शहरापुरता नाही. छत्रपती संभाजीनगर आणि अमरावती विभागातील सर्व जिल्हे व वर्धा, अशा चौदा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतील केशरी पत्रिकाधारक शेतकऱ्यांना २०१५ पासून माणशी ५ किलो धान्य २ व ३ रुपये दराने मिळत होते. २०२२ मध्ये या योजनेसाठी केंद्राकडून मिळणारा पुरवठा थांबला. राज्याने जानेवारी २०२३ पासून धान्याऐवजी माणशी महिना १५० रुपये बँक खात्यात देण्याचे ठरवले. २०२४ साली ही रक्कम १७० रुपये करण्यात आली.

पाच माणसांच्या घराला १७० प्रमाणे ८५० रुपये मिळतात. धान्य ३४ रुपये किलोने मिळाले तर त्यात २५ किलो येते, म्हणजे जुन्या हक्काइतके. भाव ३८ रुपयांवर गेला तर साडेबावीस किलोंच्या आतच येते. ५ किलो हे ५ किलोच राहतात, पण १७० रुपये दरवर्षी थोडे थोडे झिजतात. रोख रकमेचे फायदेही आहेत. दुकानात खेटे घालावे लागत नाहीत आणि घरची ज्वारी असेल तर तो पैसा दुसऱ्या कामी येतो. म्हणून रोख वाईट आणि धान्य चांगले असे सरसकट म्हणता येत नाही. रक्कम बाजारभावाशी जोडलेली आहे की नाही, आणि ती दरमहा वेळेवर जमा होते की नाही, हे दोन प्रश्न मात्र प्रत्येक वेळी विचारले पाहिजेत.

दवाखाना आणि बस

विहीर खोदणे वेगळे आणि मोटारीचे वीजबिल दरमहा भरणे वेगळे. पहिला भांडवली खर्च, दुसरा महसुली. विहिरीला पाणी असून वीज नसेल तर पीक वाळते. सार्वजनिक सेवांचेही असेच आहे. मुंबई महानगरपालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प सुमारे ७४,४२७ कोटी रुपयांचा होता आणि त्यातील सुमारे ५८ टक्के भाग भांडवली कामांसाठी होता. रस्ते, पूल आणि इमारती लागतातच. परंतु घाटकोपरचे राजावाडी, अंधेरीकरांना जवळ पडणारे कूपर, बोरीवलीचे भगवती किंवा मुलुंडचे अगरवाल रुग्णालय घ्या. तेथे रुग्णाला डॉक्टर, परिचारिका, औषध आणि तपासणी लागते. हा सारा महसुली खर्च आहे. त्यात कात्री लागली तर नव्या इमारतीतही औषधाची चिठ्ठी बाहेरच्या दुकानात न्यावी लागते. गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या बाबतीतही हीच कसोटी लावावी.

बसचे उदाहरण आणखी सोपे आहे. बेस्टने जुलै २०१९ मध्ये किमान भाडे ५ रुपये केले. मे २०२५ मध्ये ते १० रुपये झाले. धुण्याभांड्यांच्या कामासाठी महिन्यात २६ दिवस दोन वेळा बसने जाणाऱ्या बाईचा खर्च किमान भाड्यावरच २६० रुपयांनी वाढला. वर दाखवलेली मोफत धान्याची ६५ रुपयांची बचत याच्या एक चतुर्थांश आहे. एका खिशात आले आणि दुसऱ्यातून चौपट गेले. केंद्र, राज्य आणि महापालिका या तिघांचे अर्थसंकल्प वेगवेगळ्या दिवशी मांडले जातात, पण घरच्या खर्चाच्या वहीत ते एकाच पानावर येतात.

अर्थसंकल्प कसा वाचावा?

१) एका वर्षाचा आकडा एकटा वाचू नये. मागील वर्षाची तरतूद, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च शेजारी ठेवावेत. २०१९-२० मध्ये अन्न अनुदानाची मूळ तरतूद १,८४,२२० कोटी होती. सुधारित अंदाजात ती १,०८,६८८ कोटींवर आली. धान्यवाटप काही तेवढ्याने कमी झाले नव्हते. अन्न महामंडळाने अल्पबचत निधीतून कर्ज काढून वेळ निभावली. ही वर सांगितलेली चौथी वाट. पुढे ती कर्जे फेडायची ठरली तेव्हा २०२०-२१ चा प्रत्यक्ष खर्च ५ लाख ४१ हजार कोटींवर गेला. त्यातील सर्व रक्कम त्या वर्षीच्या गरिबांच्या ताटात गेली असे समजणे चूक आहे.

२) रुपये वाढले म्हणजे सेवा वाढली असे नाही. आकड्याला माणसांच्या संख्येने भागावे आणि मग महागाई वजा करावी.

३) प्रत्येक घोषणेला तीन प्रश्न विचारावेत : किती माणसांना, माणशी किती, आणि किती महिने?

४) काय बंद झाले ते शोधावे. नव्या योजनेचे नाव भाषणात असते, बंद झालेल्या योजनेचे नाव फक्त तक्त्यात सापडते.

कुटुंबाने काय करावे?

१) मुंबईत गेलेल्या माणसाचे नाव गावच्या शिधापत्रिकेवर असेल तर एक देश एक रेशनकार्ड व्यवस्थेमुळे त्याला त्याच्या वाट्याचे धान्य मुंबईतील दुकानातून घेता येते आणि उरलेल्यांना गावात घेता येते. त्यासाठी आधार क्रमांक पत्रिकेशी जोडलेला असावा. एकाच माणसाचे नाव दोन पत्रिकांवर ठेवू नये.

२) प्रत्येक सदस्याची ई-केवायसी पूर्ण करून घ्यावी. म्हातारी माणसे व कष्टकरी यांच्या बोटांचे ठसे झिजलेले असतात. ठसा जुळला नाही म्हणून परत पाठवले तर दुसरा मार्ग विचारावा व लेखी उत्तर मागावे.

३) धान्य घेताना पावती घ्यावी. पावतीवरील किलो आणि पिशवीतील किलो यांचा मेळ घालावा.

४) तक्रारीसाठी १९६७ हा क्रमांक आहे. कायद्यानुसार जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आणि त्यावर राज्य अन्न आयोग आहे. हक्काचे धान्य मिळाले नाही तर अन्न सुरक्षा भत्त्याची तरतूदही कायद्यात आहे.

५) गावात दक्षता समिती असते. तिची बैठक झाली का, दुकानाचा साठाफलक भरला जातो का, हे ग्रामसभेत विचारावे. शहरातील नातेवाइकांनीही आपल्या वॉर्डात तेच विचारावे.

६) ज्वारी, बाजरी, नाचणी पिकवणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे की कायद्यात भरडधान्याला स्थान आहे. राज्यात खरेदी झालेली ज्वारी राज्यातच रेशनवर गेली तर वाहतूक वाचते व घाटकोपरच्या घरात ओळखीची भाकरी जाते. त्यासाठी खरेदी केंद्रे वेळेवर उघडणे गरजेचे आहे. ही मागणी शेतकरी गट आणि सोसायट्यांनी पेरणीआधीच लावून धरावी, काढणीनंतर नव्हे.

सारांश

हमीभाव वाढला की शहरातला गरीब मरतो, आणि रेशन स्वस्त केले की शेतकरी मरतो, असे दोन्ही बाजूंना सांगितले जाते. वरील हिशेबावरून दिसते की या दोघांच्या मध्ये अनुदानाचा आकडा उभा आहे. तो पुरेसा आणि वेळेवर असेल तर दोघेही जगतात. तो आखडता घेतला तर आधी एकाला आणि मग दुसऱ्याला चटका बसतो. २००० साली दर वाढवून गोदामे भरली, २०२२ साली खरेदी घटून गोदामे आटली. दोन्ही वेळा झळ बसली ती रांगेतल्या माणसाला आणि शेतातल्या माणसाला. म्हणून येत्या अर्थसंकल्पाच्या दिवशी खताच्या ओळीबरोबर अन्न अनुदानाची ओळही वाचावी, मागील तीन वर्षांचे आकडे वहीत शेजारी लिहावेत, आणि मुंबईतील आपल्या माणसाला विचारावे की या महिन्यात पिशवीत किती किलो आले.